बाळाचे लंगोट

दिवाळीची आवराआवर काढली की घरातले जुने कपडे एका गाठोड्यात जमतात आणि बोहारणीच्या हाकेची वाट पाहत पडतात. यंदा ते गाठोडे बांधताना एक करा. घरात, नात्यात किंवा शेजारी येत्या चार-सहा महिन्यांत पाळणा हलणार असेल, तर वापरून मऊ झालेल्या दोन सुती साड्या आणि एखादे धोतर बाजूला काढून ठेवा. बोहारीण त्यांच्या बदल्यात फार तर एखादा डबा देईल. बाळंतघरात त्याच कापडाचे मोल पुष्कळ जास्त आहे.

एरवी या सदराला एकच पान मिळते. दिवाळी अंकात संपादकांनी हात थोडा सैल सोडला आहे, तेव्हा ज्या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देऊन माझे कधीच समाधान झाले नाही, तो आज घेते. होऊ घातलेल्या आया विचारतात, "बाळासाठी डायपर आणावेत, की घरी लंगोट शिवावेत?" आणि होऊ घातलेल्या आज्या विचारतात, "आम्ही लंगोटांवरच मुले वाढवली ना? मग आता काय झाले?" प्रश्न किरकोळ वाटतो. पण ज्या घरात तान्हे बाळ आहे, तिथे तो दिवसातून पंधरा-वीस वेळा ओला होऊन पुढे येतो!

माझे उत्तर आधीच सांगून टाकते. निदान पहिले तीन महिने, बाळ घरात असेल तेव्हा, पांढरे सुती लंगोट वापरावेत. पैशाची बचत हे त्याचे एक कारण आहे, पण ते मोठे कारण नव्हे. तान्ह्या बाळाला बोलता येत नाही. पोटात दूध पुरेसे जाते की नाही, ते पचते कसे, आतला कारभार ठीक चालला आहे ना, हे सारे ते लंगोटावर लिहून ठेवते. पांढऱ्या कापडावर ते लिहिलेले चटकन दिसते. घरातल्या माणसांना मात्र ते वाचता यायला हवे.

आधी कापडाचे पाहू. बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवे कापड लावायचे नाही, अशी आपल्याकडे पुष्कळ घरांत रीत आहे. त्यात मोठे शहाणपण आहे. नव्या कापडात खळ असते, ते खरखरीत असते आणि पाणी लवकर शोषून घेत नाही. जुनी, धुऊन धुऊन विरलेली सुती साडी मऊ असते आणि पटकन ओल टिपते. साडी सुतीच आहे ना, याची शंका आली तर तिचा एक धागा काढून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची बारीक राख होते. टेरिलीनचा किंवा तसला भेसळीचा धागा वितळून टोकाला कडक मणी धरतो. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे कापडावर पाण्याचा थेंब टाकायचा. तो लगेच जिरला तर कापड पास. मोत्यासारखा वर उभा राहिला तर नापास!

नवेच कापड घ्यायचे असेल तर मलमल किंवा पातळ होजिअरी घ्यावी आणि बाळाला लावण्यापूर्वी चार-पाच वेळा धुऊन वाळवावी. बाजारात हल्ली बाहेरून पाणी न झिरपणारा थर आणि आतून घडी घालायला खिसा असलेले तयार लंगोटही मिळतात. जरा मोठ्या बाळाला ते सोयीचे पडतात. त्यांतली शोषून घेणारी घडी मायक्रोफायबरची असेल तर ती थेट कातडीला लागू देऊ नये, कारण ती कातडीची ओलही ओढून घेते. पहिल्या महिन्यात मात्र साध्या कापडाइतके सुखाचे दुसरे काही नाही.

कापडाबाबत एक ताकीद अगदी कळकळीने देते. डांबरगोळ्या घातलेल्या ट्रंकेतले कापड तान्ह्या बाळाजवळ आणू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचे द्रव्य जन्मतःच कमी असते. मुलग्यांत हा दोष जास्त आढळतो आणि बाळाकडे नुसते पाहून तो ओळखता येत नाही. अशा बाळाच्या तांबड्या पेशी डांबरगोळीच्या वाफेने फुटतात, कावीळ भराभर चढते आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर ती मेंदूपर्यंत पोचू शकते. ग्रीसमधील डॉक्टरांनी १९६३ साली अशा नवजात बाळांची सविस्तर नोंद करून ठेवली आहे. नुसत्या वासानेही हा अपाय होतो. आजीने हौसेने जपून ठेवलेली कुंची, टोपडी, दुपटी बहुधा अशाच ट्रंकेत असतात. आजीचे प्रेम ट्रंकेबाहेर काढावे, पण डांबरगोळ्यांत राहिलेले कपडे मात्र बाळाला घालू नयेत. पुढच्यासाठी कपडे ठेवताना सुकवलेला कडुनिंबाचा पाला पुरतो.

आता माप. एका पाचवारी साडीचे काठ-पदर काढून टाकले तर साधारण दीड-पावणेदोन फुटांचे चौकोन दीड डझन तरी निघतात. दोन साड्यांत तीन डझन होतात. रोज धुणे होत असेल तर दोन डझन पुरतात, पण पावसाळ्यातल्या बाळाला तीन डझनांशिवाय निभत नाही. चौकोनाची तिरकी घडी घातली की तिकोन होतो. दोन टोके कमरेशी आणायची आणि तिसरे पायांतून वर घ्यायचे. टोकांना सुती बंद लावले तर पिनेची भानगड राहत नाही. कडा बारीक दुमडून शिवाव्यात, जाड शिवण मांडीला काचते. कडेचे सुटे दोरे मात्र आठवणीने कापावेत. एखादा दोरा पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन बोट सुजल्याची आणि बाळ का रडते हे तासन् तास न कळल्याची उदाहरणे डॉक्टरांना ठाऊक आहेत.

लंगोट बांधताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नाळेचा उरलेला तुकडा साधारण एक-दोन आठवड्यांत गळून पडतो. तोपर्यंत लंगोटाची कड नाळेच्या खाली दुमडावी, म्हणजे तो भाग कोरडा राहतो. दुसरी गोष्ट पायांची. अंघोळीनंतर बाळाचे पाय सरळ ओढून दुपट्यात गच्च बांधायची आपल्याकडे फार आवड. "पाय सरळ राहतात," असे म्हणतात. खरे पाहता बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले आणि फाकलेले असतात तेच बरोबर. ते जबरदस्तीने सरळ बांधले तर खुब्याचा सांधा निसटण्याचा धोका वाढतो. जपानात पूर्वी अशीच बांधण्याची पद्धत होती. १९७५ पासून तिच्याविरुद्ध देशभर प्रचार झाला आणि खुबा निखळलेल्या बाळांचे प्रमाण झपाट्याने उतरले. तेव्हा हात हवे तर गुंडाळा, कमरेखाली मात्र बाळाला लाथा झाडायला मोकळीक द्या.

आता वाचनाकडे वळू.

पहिला धडा मोजणीचा. पहिल्या दिवशी एक-दोन लंगोट ओले होतात, दुसऱ्या दिवशी दोन-तीन, आणि असे वाढत जाऊन पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा लंगोट चांगले ओले व्हायला हवेत. तितके होत असतील आणि बाळाचे वजन वाढत असेल, तर "माझे दूध पुरत नाही" ही चिंता बाळंतिणीने खुशाल सोडून द्यावी. कितीतरी आयांचे अंगावरचे दूध केवळ या भीतीपोटी सुटते. सासू म्हणते, दूध कमी आहे. शेजारीण म्हणते, वरचे सुरू कर. आणि दोरीवर मात्र पंधरा लंगोट वाळत असतात! त्या दोरीची साक्ष आधी काढावी. उलट सहाहून कमी लंगोट ओले होऊ लागले, बाळ मलूल दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. डायपरमध्ये ही मोजणी अवघड होते. त्यावरची रंग बदलणारी रेघ "ओले झाले" इतकेच सांगते; किती वेळा, ते सांगत नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर कधी विटकरी डाग दिसतो. ते रक्त नसते, लघवीतले क्षार असतात. दूध वाढले की तो जातो. चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही दिसत राहिला तर दूध कमी पडत असल्याची ती खूण समजावी. मुलीला पहिल्या आठवड्यात किंचित रक्ताचा किंवा पांढरा स्राव होऊ शकतो. आईच्या शरीरातून आलेल्या द्रव्यांचा तो परिणाम असतो आणि आपोआप थांबतो.

दुसरा धडा रंगाचा. पहिली शी काळी, डांबरासारखी चिकट असते. ती पहिल्या चोवीस तासांत झाली नाही तर डॉक्टरांच्या कानावर घालावे. मग ती हिरवट होते आणि आईच्या दुधावरच्या बाळाची पुढे मोहरीच्या पुडीसारखी पिवळी, पातळ, दाणेदार होते. अशी शी दिवसातून आठ-दहा वेळा झाली तरी ते जुलाब नव्हेत. महिन्यानंतर हेच बाळ दोन-तीन दिवस शी करीत नाही आणि मजेत खेळते, तेही चालते. पिवळा, हिरवा, तपकिरी या तिन्ही रंगांना भ्यायचे कारण नाही. भ्यायचे ते पांढऱ्याला. शी चुन्यासारखी, मातकट किंवा अगदी फिकट दिसली तर यकृतातले पित्त आतड्यात उतरत नाही असा त्याचा अर्थ होऊ शकतो. त्याच वेळी शूने लंगोटावर गडद पिवळा डाग पडत असेल आणि डोळ्यांत कावीळ असेल, तर एक दिवसही थांबू नये.

आमच्या इमारतीत असे घडले. पहिलटकरीण, गोरेपान गुटगुटीत बाळ, दूध भरपूर. कावीळ महिना झाला तरी गेली नव्हती, पण घरातली वडील माणसे म्हणत होती, "उन्हात धरा, जाईल." बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईंनी मात्र एके सकाळी लंगोटाचा पिळा हातात घेऊन बाळाच्या आजीला विचारले, "आजी, याची शी पिठासारखी का हो? आणि शू हळदीवाणी?" आजी म्हणाल्या, "दुधाची शी तशीच असते." बाई गप्प बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन लंगोट न धुता तसेच ठेवले आणि बाळाच्या वडिलांना हाक मारून दाखवले. "दादा, मी चाळीस वर्षं पोरं न्हाऊ घालतेय. हा रंग बरोबर नाही. डॉक्टरला हे लंगोट नेऊन दाखवा." त्यांनी नेले. रक्त तपासले, पोटाची तपासणी झाली. पित्तनलिका बंद होती. बाळ दोन महिन्यांचे होण्याआधी शस्त्रक्रिया झाली. आज ते बाळ बालवाडीत जाते. तपासण्या अजून चालू आहेत, पण जिन्यात त्याची दणदण ऐकू येते.

या शस्त्रक्रियेची वाट जपानी शल्यवैद्य मोरिओ कासाई यांनी १९५०च्या दशकात दाखवली. तिचे यश मोठ्या प्रमाणात वेळेवर अवलंबून असते. पहिल्या साठ दिवसांत ती झाली तर पित्त वाहू लागण्याची आशा अधिक असते. तैवानने २००४ पासून बालआरोग्य पुस्तिकेत शीच्या रंगांची चित्रपत्रिकाच घातली, जपाननेही २०१२ साली तसे केले. कारण हा रंग सर्वांत आधी दिसतो तो घरात. आपण इतके तरी लक्षात ठेवावे की कावीळ दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर नुसते ऊन पुरत नाही, रक्त तपासावे लागते.

आता धुण्याकडे या. शी आधी संडासात झटकून टाकावी आणि लंगोट गार पाण्यात भिजवावा. पहिल्यांदाच कढत पाणी घातले तर डाग पक्का बसतो. भिजवायच्या बादलीला झाकण हवेच. घरात रांगते किंवा नुकते चालू लागलेले दुसरे मूल असेल तर बादलीभर पाणीही त्याच्या जिवावर बेतू शकते. नंतर साध्या साबणाने धुऊन, फेस पूर्ण जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांतून काढावेत. मशीन असेल तर साठ अंशांवर धुवावेत. कपडे मऊ करणारे सुवासिक द्रव्य मुळीच घालू नये. त्याचा थर बसून कापडाची ओल टिपण्याची शक्ती जाते. जंतुनाशकाच्या धारा सोडण्याचीही गरज नाही. राहिलेला साबण आणि जंतुनाशक हेच पुष्कळदा बाळाच्या लाल झालेल्या कातडीचे कारण असते. पिवळट डागांना सर्वांत स्वस्त औषध म्हणजे दुपारचे ऊन. आणि शेवटी आपले हात साबणाने धुवावेत. "तान्ह्याच्या शीचा काय विटाळ?" असे लाडाने म्हणतात, पण रोगजंतू वय पाहून येत नाहीत.

पावसाळ्यात लंगोट पंख्याखाली वाळवून वर गरम इस्त्री फिरवावी. शेगडीवर टोपली पालथी घालून कपडे वाळवायची जुनी युक्ती उघड्या पडवीत चालून जात असे. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो; बाळ-बाळंतीण असलेल्या खोलीत ती शेगडी नकोच. धुरीवर धरलेल्या लंगोटांचा वास आपल्याला गोड वाटतो, बाळाच्या छातीला नाही.

कातडी लाल झालीच तर लंगोट लवकर बदलावा, कोमट पाण्याने पुसून घ्यावे (मुलीचे नेहमी पुढून मागे), थोडा वेळ उघडे ठेवावे आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ हात द्यावा. पावडरीचा मारा करू नये. ती श्वासात जाते आणि घड्यांत साचते. बोरिक पावडर तर विषारीच. घड्यांत भडक लाली आणि भोवती बारीक पुटकुळ्या दिसल्या तर ती बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवावे.

इतके सगळे सांगून झाले, की एक प्रश्न उरतो आणि तोच सर्वांत मोठा आहे. हे धुणार कोण? लंगोटांचे गोडवे गाणारे बहुतेक लोक ते धूत नाहीत, हे मी कितीतरी घरांत पाहिले आहे. ओल्या बाळंतिणीने रात्रभर जागावे, दूध पाजावे आणि सकाळी बादलीपुढे बसावे, असा अर्थ होणार असेल, तर माझा सारा उपदेश मागे घेऊन मी डायपरच्या बाजूने मत देईन. माझ्या भाचीच्या घरी जावयांनी हे काम आपल्याकडे घेतले. पहिल्या दिवशी तिच्या सासूबाई कळवळून म्हणाल्या, "अरे, तू कशाला? मी आहे ना!" तो म्हणाला, "आई, दूध मला पाजता येत नाही. हे तरी करू दे." महिनाभरात त्याला बाळाच्या पोटाची इतकी माहिती झाली की डॉक्टर प्रश्न विचारीत तेव्हा उत्तरे तोच देई. केंद्र सरकारच्या नोकरीत बाळाच्या वडिलांना पंधरा दिवसांची रजा मिळते. ती पेढे वाटण्यात संपवू नये!

डायपरला मी घराबाहेर काढलेले नाही. रात्री, प्रवासात, दवाखान्यात, आणि घरात मदत नसेल तेव्हा ते खुशाल वापरावेत आणि आईने मनाला लावून घेऊ नये. फक्त हिशोब माहीत असावा. दिवसाला सहा धरले तर वर्षाला दोन हजारांवर डायपर होतात. एकाला दहा रुपये पडले, तर महिन्याला अठराशे रुपये! आणि त्यांतला प्रत्येक डायपर शेवटी कोणाच्या तरी हातातून जातो. पुण्याच्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने म्हणूनच लोकांना विनवले, की असा कचरा कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्या. शी संडासात टाकून, डायपर गुंडाळून, ठिपका काढायला अर्धा मिनिट लागतो. इतकी माणुसकी आपण दाखवावी.

कापडी लंगोटही फुकट पडत नाहीत. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने २००८ साली अडीच वर्षांच्या वापराचा हिशोब मांडला. हवेत जाणारा कर्बवायू डायपरचा सुमारे ५५० किलो आणि धुण्याच्या लंगोटांचा ५७० किलो, म्हणजे जवळजवळ सारखाच निघाला! पण मशीन पूर्ण भरून धुतले, बाहेर दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरले, तर तो सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरला. आपल्या गॅलरीतल्या दोरीला हे केव्हाच ठाऊक होते.

मैत्रिणींनो, यंदा तुमच्यापैकी कुणाची बहीण बाळंतीण असेल, तर तुमच्या भावाला हे पान वाचायला द्या. भाऊबीजेला तो तिच्याकडे जाईल, तेव्हा ओवाळणीचे पाकीट तर ताटात घालीलच. जेवण झाल्यावर त्याने बाह्या सरसावून न्हाणीघरातली झाकणाची बादली तेवढी रिकामी करून द्यावी. आणि दोरीवर लंगोट घालताना ते मोजायला विसरू नये.